प्रिंटर अडकला आणि मतं सुटली

कम्प्युटरला काहीही झालं तरी आपल्याकडे पहिला सल्ला येतो तो "फॉरमॅट मारून टाक" हा. स्क्रीन हलत नाही? फॉरमॅट मार. नेट रडतंय? फॉरमॅट मार. माउसची वायर खऱ्या उंदरानं कुरतडली आहे (हे सोलापुरात घडलेलं आहे आणि जमलेल्यांपैकी कुणालाही त्यातला विनोद जाणवला नाही), तरी एकदा फॉरमॅट मारून बघायला काय जातं? जातात ते फोटो. पण ते सल्ला देणाऱ्याचे नसतात.

राजकारणावर मत द्यायचं तर माणसाला निदान पेपरचं पहिलं पान चाळावं लागतं. कम्प्युटरला तेवढीही अट नाही. उलट माहिती जितकी कमी तितका आवाज ठाम. ज्याला खरोखर कळतं तो मशीनकडे बघून म्हणतो, "बघावं लागेल." आणि असं म्हणणाऱ्याला आपल्याकडे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

याला आपली जुनी भीडही कारण आहे. कम्प्युटर आपल्याकडे आला तोच मुळी सोवळ्यात. शाळेत, ऑफिसात त्याला एसीची वेगळी खोली, दाराबाहेर चपलांची रांग, अंगावर प्लास्टिकचं आवरण. माणसं घामाघूम आणि यंत्र गारव्यात. चपलांबरोबर व्हायरस आत येतो असं मनापासून मानणारे शिपाई मी पाहिले आहेत, आणि त्यांचं ऐकून अनवाणी आत जाणारे साहेबही. दसऱ्याला सीपीयूला झेंडूचा हार, मॉनिटरला हळदकुंकू. आमच्या ऑफिसात एका दसऱ्याला कुंकवाची चिमूट थेट फ्लॉपीच्या फटीत गेली. पुढच्या कामाच्या दिवशी मशीनला फ्लॉपी वाचता येईना. अकाउंट्सच्या टेबलावरून निदान झालं, "नजर लागली." ज्या यंत्राची आपण पूजा करतो त्याचं झाकण उघडून बघायची हिंमत होत नाही, मग त्याच्याविषयी मत तेवढं द्यायचं उरतं.

आमच्या इमारतीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. आपण त्यांना नाना म्हणू. ऐंशीच्या दशकात बँकांमध्ये कम्प्युटर यायला लागले तेव्हा युनियनच्या मोर्च्यात नाना पुढच्या रांगेत होते. हे यंत्र माणसाच्या तोंडचा घास काढणार, याबद्दल त्यांची खात्री होती. पुढे त्याच यंत्रानं त्यांच्या मुलाला हिंजवडी दाखवली आणि हिंजवडीनं न्यू जर्सी. आता रोज सकाळी नातवाशी व्हिडिओ कॉल झाला की नाना खाली बाकावर येऊन बसतात आणि सांगतात, हे एआय माणसाच्या तोंडचा घास काढणार. मत तेच आहे, फक्त यंत्राचं नाव अपडेट झालंय. गंमत अशी की या खेपेला नाना बरोबर असण्याची शक्यता मला थोडी जास्त वाटते. पण ते त्यांना सांगण्यात अर्थ नाही, त्यांना ते आधीच माहीत आहे.

नानांच्या घरच्या कम्प्युटरवर विकत घेतलेलं असं एकही सॉफ्टवेअर नाही. मुळात ते विकत घ्यायचं असतं हा विचारच त्यांच्या मनाला कधी शिवलेला नाही. आपल्याकडे सॉफ्टवेअर कुणी घेत नाही, ते "टाकून देतात". मशीन टिळक रोडवर असेंबल करून घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडवर, दुकानातला पोरगा विचारणारच, "काका, काय काय टाकू?" विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, फोटोशॉप टाकतो. फोटोशॉप कशाला रे? असू द्या काका, लागतं. वर अँटिव्हायरस टाकतो, तोही क्रॅक केलेला. म्हणजे चोरीचा माल राखायला चोरीचाच रखवालदार. महिन्याभरानं स्क्रीनच्या कोपऱ्यात ओळ उमटते की ही प्रत अस्सल नाही. नानांना त्या ओळीची इतकी सवय झाली आहे की ती दिसली नाही तर मशीन बिघडलं असं समजून ते मला फोन करतील.

आणि हे नाना म्हणजे सरळ माणूस. एसटीच्या कंडक्टरनं चुकून दोन रुपये जास्त दिले तर उभ्या गर्दीतून वाट काढत जाऊन परत करणारा. १९७६ च्या फेब्रुवारीत तेव्हा विशीत असलेल्या बिल गेट्सनं अमेरिकेतल्या हौशी कम्प्युटरवाल्यांना एक जाहीर पत्र लिहिलं होतं. तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरतात, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहायला कोण कशाला बसेल, अशी त्यात तक्रार होती. पन्नासेक वर्षं झाली. टिळक रोडच्या पत्त्यावर ते पत्र अजून पोचलेलं नाही.

एकदा मी नानांना म्हटलं, "नाना, लिनक्स घाला. कायदेशीर आहे आणि एक पैसा लागत नाही. लिहायला, हिशेबाला लिब्रेऑफिस आहे."

"कोण देतं?"

"जगभरातली माणसं मिळून लिहितात."

"त्यांना पगार कोण देतं?"

"काहींना कंपन्या देतात. काही हौसेनं करतात."

"हौसेनं?" नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग यात नक्की काहीतरी आहे."

पायरेटेड डिस्कवर तीस वर्षं निःशंक विश्वास, आणि कुणी समोरून राजीखुशीनं दिलं की संशय! अख्ख्या सॉफ्टवेअरचा मजकूर उघड ठेवलाय, कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा, असं सांगितलं तर नाना म्हणाले, "उघड ठेवलंय म्हणजे चोर पण वाचणार." मी म्हटलं, पोलीसही वाचतील. त्यावर नाना नुसते हसले. त्यांचा पोलिसांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे.

पूर्वी उबुंटूवाले लिनक्सच्या सीड्या पोस्टानं घरपोच पाठवत. नाव-पत्ता कळवायचा की परदेशाहून पाकीट यायचं, टपालखर्चसुद्धा त्यांचाच. ही योजना त्यांनी २०११ साली बंद केली. तोवर कितीतरी कॉलेजातल्या पोरांनी पाचपाच, दहादहा सीड्या मागवल्या होत्या, फुकट आहेत म्हटल्यावर एकच कोण मागवणार? आमच्या गल्लीत त्यातल्या बऱ्याचशा पुढे गॅलरीच्या गजांना दोऱ्यानं टांगलेल्या दिसायच्या. उन्हात चकाकल्या की कबुतरं बिचकायची. पेठांमध्ये लिनक्सनं केलेलं पहिलं सार्वजनिक काम ते हेच, आणि ते चोख केलं असं म्हणायला हवं.

वास्तविक मुक्त सॉफ्टवेअरच्या या सगळ्या चळवळीचं मूळ आपल्या प्रत्येक ऑफिसात आहे, ते म्हणजे अडकलेला प्रिंटर. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. तिथला जुना प्रिंटर अडकायचा. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्या सगळ्यांना निरोप जावा, अशी सोय त्यानं प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः करून ठेवली होती. पुढे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम कंपनीनं दिला नव्हता, त्यामुळे दुरुस्ती करायची सोयच नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्याला मागितला, तर तो म्हणाला, देणार नाही असं लिहून दिलंय. स्टॉलमनचं डोकं फिरलं ते फिरलंच. १९८३ मध्ये त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला: सगळी प्रणाली पहिल्यापासून लिहायची आणि तिच्यावर कुणाचं कुलूप ठेवायचं नाही.

एका अडकलेल्या कागदावरून त्या माणसानं जन्मभराचं भांडण उभं केलं. आपल्याकडे सरकारी, निमसरकारी, सहकारी, सगळ्या कचेऱ्यांतले प्रिंटर रोज अडकतात. आपण झाकण उघडतो, कागद ओढतो, अर्धा हातात येतो, अर्धा आत राहतो. मग झाकण दोनदा जोरात आपटतो. मग कुणीतरी म्हणतं, "त्या नवीन आलेल्या पोराला बोलवा." नवीन आलेला पोरगा पदवीनं स्थापत्य अभियंता असतो, पण वयानं लहान आहे म्हणजे त्याला कम्प्युटर येत असणार हे आपलं मत पक्कं. तोही बिचारा झाकण दोनदा आपटतो.

लिनक्सचा जन्म त्यामानानं शांततेत झाला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लोकांना कळवलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, आपली हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. स्वतःच्या कामाबद्दल इतकं चुकीचं मत क्वचितच कुणी दिलं असेल. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतले झाडून सगळे लिनक्सवर चालत आले आहेत. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. म्हणजे "यात काहीतरी आहे" असं नाना मला बजावत होते तेव्हा ते काहीतरी त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात वाजत होतं. रिंगटोन "ओम भूर्भुवः".

आणि व्हीएलसी? तो नारिंगी शंकू ज्याच्या कम्प्युटरवर नाही असं मराठी घर दाखवा. मुंजीचा व्हिडिओ लागत नाही, "व्हीएलसीत लाव." आवाज कमी येतोय, "व्हीएलसीत लाव, दोनशे टक्क्यांपर्यंत जातो." पॅरिसच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या पोरांचा हा प्रकल्प, २००१ साली त्यांनी तो मुक्त परवान्याखाली खुला केला. शंकूचं कारण असं की ती पोरं रस्त्यावरचे वाहतुकीचे शंकू उचलून होस्टेलवर आणून ठेवायची. आपल्याकडच्या होस्टेलांना हे जमलं नसतं, कारण त्यासाठी खड्ड्याशेजारी आधी कुणीतरी शंकू ठेवावा लागतो. नाना व्हीएलसीवर गेली पंधरा वर्षं नाट्यगीतं ऐकतात. ते ओपन सोर्स आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. उगाच काढून टाकतील.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. लिनक्सवाल्यांना मतं कमी नाहीत. माझा भाचा त्यातला. त्यानं एका सुट्टीत आपल्या आईच्या लॅपटॉपवर तिला न विचारता लिनक्स घातलं. ताईनं विचारलं, "माझं वायफाय कुठे गेलं?" तर म्हणाला, "मम्मी, टर्मिनल उघड." काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावायला लागल्यावर ताईनं आधी देवाचं नाव घेतलं आणि मग मेन स्विच बंद केला. काही चाललं नाही की हा म्हणणार, तू चुकीचं वापरतेस, मॅन्युअल वाच. मॅन्युअल इंग्रजीत आणि ते ज्यानं लिहिलं त्यालाच समजावं अशा बेतानं लिहिलेलं. यांच्यातले दोघे एकत्र आले तर प्रोग्रॅम टंकायला कुठला एडिटर चांगला यावर रात्र काढतात. हा वाद माझ्या भाच्याहून वयानं मोठा आहे. आणि नुसतं "लिनक्स" म्हणालात तर तिसरा येऊन दुरुस्त करतो, "ग्नू-लिनक्स म्हणा." शुद्धलेखनावरून भांडणाऱ्या आपल्या लोकांना ही मंडळी खरं तर फार जवळची वाटायला हवीत.

बंद कुलपाचा त्रास काय असतो हे मात्र मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपली लिपीच वर्षानुवर्षं कुलपात होती. डीटीपीच्या काळात ज्यानं त्यानं आपापला फॉण्ट काढला, आणि कुठल्या बटणामागे कुठलं अक्षर हे ज्याचं त्यानं ठरवलं. एका दुकानात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की लग्नपत्रिकेच्या जागी उद्गारचिन्हं, डॉलर आणि उलटे स्वल्पविराम. नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडे बसून मी हे पुष्कळदा पाहिलंय. वधूपिता घाईत, ऑपरेटरच्या तोंडात पान. तो मान वर न करता म्हणतो, "फॉण्ट नाही आपल्याकडे. परत टाइप करावं लागेल." परत टाइप करताना वराच्या आजोबांच्या नावामागचं "कै." राहतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुलत्यांच्या नावामागे लागतं. मग व्हाइटनर.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. एक अक्षर, एक ठरलेला क्रमांक, सगळ्या जगात तोच. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं "मुक्त" नावाचा देखणा देवनागरी फॉण्ट खुल्या परवान्यानं देऊन ठेवलाय. तरीही परवा एका अंकासाठी लेख मेलनं पाठवला तर उत्तर आलं, "युनिकोड चालत नाही, आमच्या फॉण्टमध्ये पाठवा." मी तो पाठवू शकलो नाही. त्यांनीच मग बदलून घेतला आणि छापून आला तेव्हा "येणाऱ्या" शब्दातला अर्धा र गायब होता आणि काही "ळ"च्या जागी चौकोन उभे होते. संपादकांचं मत पडलं की कम्प्युटरला मराठी नीट येत नाही.

गुपित राखण्याबाबतचीही आपली मतं पाहण्यासारखी आहेत. समोरच्या काकू गोडा मसाल्याचं प्रमाण सख्ख्या जावेला सांगत नाहीत. विचारलंच तर "अंदाजानं घालते" म्हणून दगडफूल हटकून गाळतात. याच काकूंनी फोनमधल्या टॉर्चच्या अॅपला सगळे संपर्क, सगळे फोटो, माइक आणि त्या आत्ता कुठे आहेत तो पत्ता, असं सगळं एका बोटानं देऊन टाकलं. का, तर "आमच्याकडे काय आहे चोरण्यासारखं?" दगडफूल आहे ना, काकू.

हे सगळं विनोदी वाटतं ते आपल्यापुरतं. जगात या मतांचा हिशेब कुणीतरी चुकता करत असतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाची चूक उघडकीला आली. इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांची कुलपं ज्या ओपनएसएसएल नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर चालायची, त्यातच भोक. मग चौकशी झाली की हे सांभाळतं कोण? तर पूर्ण वेळ एकच माणूस, आणि देणग्या म्हणाल तर वर्षाला साधारण २००० डॉलर. बँका, दुकानं, बडे उद्योग, सगळ्यांनी फुकट वापरलं होतं आणि भोक दिसल्यावर सगळे ओरडले. गणेशोत्सवात वर्गणीच्या वेळी दार न उघडणारा माणूस मिरवणुकीत ढोल बरोबर वाजत नाहीत म्हणून सांगायला सर्वांत पुढे असतो, तसलाच प्रकार. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी थोडीफार वर्गणी काढली, हे खरं.

२०२४ मधली गोष्ट याच्याही पुढची. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करायचं एक सॉफ्टवेअर आहे. लिनक्समध्ये ते सर्रास असतं, आणि फिनलंडमधला लासे कोलिन नावाचा गृहस्थ ते बिनपगारी सांभाळत होता. त्याला लोकांचे निरोप यायला लागले: काम फार हळू चाललंय, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. तो थकला होता आणि तसं त्यानं मोकळेपणानं कळवलंही. अशा वेळी जिया तान या नावाचा एक मदतनीस पुढे आला, दोनेक वर्षं गोड बोलून नीट काम केलं, किल्ल्या हातात घेतल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप चोरदरवाजा बसवला. तक्रारी करणारी ती मंडळीही त्याच कटातली सोंगं असावीत, असा जाणकारांचा संशय आहे. मला यात नवल वाटत नाही. सोंग घ्यायचं तर तक्रार करणाऱ्याचंच घ्यावं. खऱ्या तक्रारखोरांची गर्दीच एवढी असते की त्यात चारदोन खोटे मिसळले तर कुणाला ओळखू येणार?

पकडलं गेलं ते कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! आपल्याकडे "सर्व्हर डाऊन आहे" म्हटलं की सातबाऱ्याला आलेला माणूस चहा पिऊन, दाढी करून, साडूकडे जेवून परत येतो आणि तरीही त्याला कुणाचा संशय येत नाही. या पठ्ठ्यानं त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत काढत चोर उघडा पाडला. तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. म्हणजे हौशी लोकांवर वैतागून पत्र लिहिणाऱ्या गेट्सच्याच कंपनीतल्या माणसानं हौशी लोकांचं घर वाचवलं.

नानांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांचं मत, "बघ, म्हटलं होतं ना, यात काहीतरी आहे."

या लेखावरही तुमचं मत झालं असेलच. ते मला कळवलं नाहीत तरी चालेल. त्यापेक्षा एक करा. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, तुमच्या-आमच्यासारख्यांनीच लिहिलेला. त्यावर तुमच्या गावाचं पान उघडून बघा. बहुधा गावाचं नाव, तालुका, जिल्हा, एवढ्यावर ते आटोपलेलं असेल. "आमच्या गावाबद्दल नेटवर काही म्हणता काही नाही" असं पारावर बसून म्हणणारे सगळे त्याच गावचे असतात. पानाच्या वरच्या अंगाला संपादनाचं बटण आहे. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, फोन नंबरही कुणी मागत नाही. छापील आधार हाताशी असला की झालं. गावची जत्रा कुठल्या तिथीला भरते आणि एसटी कुठल्या फाट्यावर सोडते, निदान एवढं तरी टाकून द्या.